निरगाठ

पहिल्या वर्षी हात आपले नसतात.
सरांचे असतात, किंवा त्या अक्कलदाढेचे,
जी तिरकी झोपलेली असते जबड्याच्या कोपऱ्यात
आणि उठवायला गेलं की मूळ मागे ठेवून येते.
"तुटलं," मी म्हणाले.
"तुटलं नाही. तोडलंस," डॉ. म्हांबरे मास्कमागून म्हणाले. "लिहून ठेव."
लिहून ठेवलं.
त्या महिन्याच्या वहीत तीन मुळं आहेत,
एक बधिर ओठ, जो बावीस दिवसांनी शुद्धीवर आला,
आणि समासात, का कोण जाणे, दुधाचा हिशेब.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून
डुकराचा जबडा आणायचा, निम्मा, दातांसकट.
खाटीक विचारतो, किती जणांचं जेवण?
पाच, मी सांगते,
आणि ते अगदीच खोटं नसतं.
हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये वर चिठ्ठी:
खाऊ नये. शिकायचं आहे.
डिचोलीहून आई फोनवर विचारते, आज काय केलंस?
शिवण, मी म्हणते.
तिला बरं वाटतं.

सात नंबरच्या पलंगावर कायतान,
वेळसांवचा रापणकार.
लाटेनं होडी फिरली, वल्ह्याचा दांडा हनुवटीवर,
जबडा दोन ठिकाणी.
आम्ही वरच्या दातांना खालचे बांधले तारेनं,
प्रत्येक पीळ उजवीकडे,
म्हणजे पुढे जो सोडवेल त्याला विचारावं लागू नये.
टोकं आत वळवलेली, ओठाला टोचू नयेत म्हणून.
उशाशी तार कापायची पक्कड टांगली.
उलटी झाली तर आधी काप, मग हाक मार,
हे सरांनी नर्सला नाही, मला सांगितलं.
म्हणून रात्री मी तिथंच.

बांबोळीच्या टेकडीवर रात्री हायवे ऐकू येतो,
आणि ॲम्ब्युलन्स वळली की आम्ही सगळे
आपापल्या मनात जबडाच आहे असं धरून चालतो.
नसतो कधीकधी.
तोवर मी पलंगाच्या दांडीला रेशीम बांधते,
एका हातानं, न बघता, शंभरदा.

एकोणसाठाव्या गाठीला कायताननं माझं मनगट धरलं.
दात मिटलेले, बोलणं म्हणजे नुसता घुमारा.
त्यानं धागा ओढला
आणि गाठ सरकत सरकत
त्याच्या बोटापर्यंत आली.
सरगाठ.
इतके दिवस निरगाठ समजून
मी हीच बांधत होते
कुणाकुणाच्या हिरडीत.

मग त्यानं करून दाखवलं.
मिठानं चिरलेली, सुजल्यासारखी बोटं,
एवढं बारीक रेशीम त्यांना सापडेल असं वाटत नव्हतं.
पहिला फेरा असा, दुसरा त्याच्या उलटा,
दोन्ही टोकांना सारखा ताण.
हे पुस्तकात होतं.
सरांनीही सांगितलं होतं, दोनदा, दुसऱ्यांदा ओरडून.
पण त्यानं दोन्ही टोकं माझ्या हातात दिली
आणि भुवया वर केल्या:
ओढ.
ओढलं.
आली नाही.

सकाळच्या राउंडला सर दांडीपाशी थांबले.
"यातल्या तुझ्या कुठल्या?"
मी खरं सांगितलं.
"बरं," म्हणाले, आणि आठ नंबरकडे गेले.

पाच आठवडे गाळलेली पेज,
गालाच्या आतून, सिरिंजनं.
मग तारा काढायचा दिवस.
डावीकडे, डावीकडे, एकेक पीळ,
कुणाला काही विचारावं लागलं नाही.
इनासिना मांडीवर डबा घेऊन बसलेली,
झाकण अर्धं उघडून.
आम्ही सगळे पहिल्या शब्दाची वाट बघत होतो.

कायताननं तोंड उघडलं.
मी पट्टी लावली: चोवीस मिलिमीटर.
आणि त्यानं जांभई दिली.
पाच आठवड्यांची, घशाच्या तळातून,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
मग मला आली, सदतीस तासांच्या ड्युटीची, मास्कच्या आत,
मग इनासिनाला,
मग दाराशी उभ्या नर्सला,
आणि सरांनी, मी बघितलं,
तोंड भिंतीकडे वळवलं.